सरांचाच निवाडा

प्रिय भिंगरी,

तुझा निरोप वाचला. 'बाबांनी भर कोर्टात तुझी चांगलीच जिरवली म्हणे,' आणि त्याखाली दात काढून हसणाऱ्या चेहऱ्यांची ही भली मोठी रांग. दातांच्या डॉक्टरीणबाईंना दुसरं काय सुचणार म्हणा! मीही उलट एक हसरा चेहरा पाठवला आणि विषय मिटवला. पण तो मिटलेला नाही, म्हणून आज मुद्दाम कागद घेऊन बसले आहे. फोनवर तू मध्येच काहीतरी बोलशील, मी हसेन, आणि सांगायचं ते परत घशातच राहील. पत्र एका दमात वाच आणि वाचून होईपर्यंत बाबांना फोन करू नकोस, एवढं माझं ऐक.

तुला आठवतं ना, मी तुमच्याकडे वकिलीच्या उमेदवारीला आले तेव्हा सरांच्या, तुझ्या बाबांच्या, तळमजल्यावरच्या ऑफिसात खुर्च्यांवरसुद्धा फायली बसलेल्या असायच्या आणि मला खिडकीच्या कट्ट्यावर जागा मिळाली होती. सर उठले की मी उठायचे, सर कोर्टात निघाले की पिशवी उचलून मागे मागे. तुझ्या आईने, काकूंनी, माझं नाव शेपूट ठेवलं आणि तू ते गावभर केलंस. नव्या उमेदवाराला सर पहिल्या दिवशी काम सांगायचेच नाहीत. आधी ती गोष्ट सांगायचे. सर्वोच्च न्यायालयातलं त्यांचं पहिलं अपील, मित्राकडून मागून आणलेला काळा कोट, बाह्या इतक्या तोकड्या की सबंध युक्तिवाद हात पाठीमागे बांधून केला. समोर एक घरमालक, स्वतःला गरज आहे म्हणून भाडेकरूचं दुकान रिकामं मागणारा. आणि खटला चालू असतानाच त्याने हातात आलेली दुसरी खोली मेव्हण्याला देऊन टाकलेली. न्यायालय म्हणालं, जागा हातात असताना ज्याने ती देऊन टाकली, त्याने मग गरजेचं गाऱ्हाणं सांगू नये. सर जिंकले. तू काकूंची काळी शाल पांघरून, हात मागे बांधून जेवणाच्या टेबलाशी ही गोष्ट करून दाखवायचीस, आणि सर स्वतःच सगळ्यांत मोठ्याने हसायचे.

त्या गोष्टीला जोडूनच ते दुसरी एक गोष्ट सांगायचे, आणि तेव्हा हसायचे नाहीत. आपल्या विरुद्ध जाणारा निवाडा आपल्याला माहीत असेल आणि समोरच्याला सापडला नसेल, तर तो आपण उभं राहून न्यायाधीशांपुढे ठेवायचा. अशिलासाठी जिवाचं रान करायचं, पण न्यायालयाला अंधारात ठेवायचं नाही. मी तेव्हा विचारलं होतं, आणि त्यामुळे आपण हरलो तर? सर म्हणाले, तर हरायचं, घरी येऊन जेवायचं आणि झोपायचं. किती सोपं करून सांगायचे ग सगळं!

आता यंदाचं अपील. माझी अशील म्हणजे एक निवृत्त नर्सबाई. तिसऱ्या मजल्यावर राहतात, गुडघे पार गेलेले, खालची खोली त्यांच्या मालकीची. त्या खोलीत एका घड्याळजीचं दुकान, अर्धं आयुष्य त्याने तिथेच डोळ्याला भिंग लावून काढलेलं. बाईंना खोली राहायला हवी, त्याला पोटासाठी. दोघांतलं कोणीच वाईट नाही, त्यामुळे कोणाचा राग करून भांडावं अशीही सोय नव्हती. उच्च न्यायालयात आम्ही जिंकलो. घड्याळजीने सर्वोच्च न्यायालयात अपील केलं आणि वकील म्हणून उभे राहिले सर. सरांच्या विरुद्ध उभं राहायचं म्हणून मी धास्तावलेच, पण खरं सांगू, थोडी मिरवलेही.

एक गोष्ट मात्र मला खुपत होती. खटला चालू असतानाच नर्सबाईंची मागची खोली रिकामी झाली होती, आणि ती त्यांनी रंगाचे डबे ठेवायला भाच्याला देऊन टाकली होती. म्हणजे तंतोतंत सरांची गोष्ट. मी बाईंना आधीच बजावलं, हा निवाडा आपल्यावर येणार, जड जाईल. त्यांनी विचारलं, आणि त्यांनी नाही काढला तर? मी हसले. म्हटलं, बाई, निवाडा त्यांचाच आहे, झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवतील. मी माझी सगळी तयारी त्या एका निवाड्याला उत्तर देण्याची केली. मागच्या खोलीला ओल आहे, दाराशी दोन पायऱ्या आहेत, त्या खोलीने गरज भागली नसती, वगैरे.

सुनावणी दुपारच्या सुस्त वेळी लागली, दालनात फारसं कोणी नव्हतं. सर एकटेच आले होते. उमेदवार हल्ली टिकत नाहीत, काकू म्हणाल्या होत्या. उठले तेव्हा नेहमीसारखे ताठ, आणि सुरुवात काय देखणी केली! घड्याळजीच्या एक पाय आखूड असलेल्या खुर्चीवरून असा काही विनोद केला की तिन्ही न्यायमूर्ती हसले. मग तोच मुद्दा परत आला. मला वाटलं, ठसवतायत. मग तो तिसऱ्यांदा आला, त्याच शब्दांत, त्याच खुर्चीच्या विनोदासकट, आणि या वेळी कोणी हसलं नाही. मधल्या न्यायमूर्तींना त्यांनी केव्हाच निवृत्त झालेल्या दुसऱ्या न्यायमूर्तींच्या नावाने हाक मारली. कागद पुढे उलटले, मागे उलटले. न्यायमूर्तींनी अगदी हळुवार विचारलं, आणखी काही? सर म्हणाले, एवढंच, आणि बसले. निवाडा काढलाच नाही. मी त्यांच्याकडे बघत राहिले. वाटलं, आता उठतील, हात मागे बांधतील आणि सांगतील.

मी उभी राहिले. माझ्याकडे उत्तर तयार होतं आणि प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. गप्प राहिले असते तर अपील तिथल्या तिथे फेटाळलं गेलं असतं आणि बाईंना खोली मिळाली असती. भिंगरी, निवाड्याच्या प्रती मी फाइलीत परत सरकवल्याही. मग म्हटलं, माझ्या विरुद्ध जाणारा या न्यायालयाचा एक जुना निवाडा आहे, तो आपल्यापुढे ठेवणं माझं कर्तव्य आहे. प्रती वर गेल्या. मधले न्यायमूर्ती वाचता वाचता सरांकडे बघून हसले आणि म्हणाले, यात वकील म्हणून आपलंच नाव दिसतंय, स्वतःचाच निवाडा सांगायला संकोच वाटला वाटतं? किती मोठ्या मनाने सावरून घेतलं त्यांनी. सरांनी माझ्याकडे पाहिलं. बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाकडे बघावं, तसं. मग तेही हसले, आणि हसताना त्यांनी हात पाठीमागे बांधले.

ओल आणि पायऱ्या घेऊन मी बरंच भांडले, पण ते टिकलं नाही. निकालात अपील मंजूर झालं, दुकान घड्याळजीकडे राहिलं. नर्सबाई बाहेर बाकावर गुडघा चोळत बसल्या होत्या. त्यांनी मला एवढंच विचारलं की तुम्ही माझ्या वकील होतात की त्यांच्या. मी वकिलाचं कर्तव्य वगैरे सांगू लागले. पेशंटच्या सबबी ऐकाव्यात तसं त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, 'असेल' म्हणाल्या आणि कठड्याला धरून निघाल्या. मी केलं ते बरोबरच होतं असं मला आजही वाटतं. तरी त्यांच्या जिन्यासमोरून जायची माझी हिंमत होत नाही. सर म्हणायचे तसं घरी येऊन जेवले त्या दिवशी, पण झोप काही लागली नाही.

निकालाच्या संध्याकाळी सरांचा फोन आला. आवाज काय खणखणीत! म्हणाले, शेपटे, लाज आणलीस, माझाच निवाडा विसरलीस? मला उभं राहून वाचून दाखवावा लागला! मला वाटलं, चेष्टा करतायत. पण ती चेष्टा नव्हती. त्यांच्या मनात ते सगळं तसंच घडलं होतं. मी म्हटलं, हो सर, चुकलं माझं. आणि तुला सांगते, म्हणताना मला बरं वाटलं. फुकटात पुण्य लागलं असं वाटलं. मागून काकूंनी फोन घेतला आणि हळूच म्हणाल्या, तेवढं एक सुख राहू दे ग त्यांना, तुझं काय जातंय? खरंच, माझं काय जात होतं? त्यांनी ते बार रूममध्ये सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, तुलाही सांगितलं. ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं तेही सरांच्या मानाखातर गप्प बसले.

तुला हे कळलं नाही यात तुझा दोष नाही. दर रविवारी तुझ्याशी फोनवर बोलायच्या आधी काकू त्यांना अर्धा तास तयार करतात, तुझ्या दवाखान्याचं नाव, तुझ्या लेकाची इयत्ता, तिकडची हवा. तेवढा वेळ ते छान निभावतात. पण मागे मी गेले होते तर त्यांनी माझ्या वडिलांची तब्येत विचारली, आणि त्यांना जाऊन किती वर्षं झाली तुला माहीत आहे. त्यांना खांदा द्यायला सर स्वतः आले होते ग. काकू त्यांच्या कोटाच्या खिशात चिठ्ठ्या ठेवतात, घरचा पत्ता लिहून. वय झालं, चालायचंच, असं म्हणतात आणि मी काही बोलायच्या आत चहा टाकायला उठतात.

हे सगळं असंच झाकून राहिलं असतं तरी मी तुला लिहिलं नसतं. पण गेल्या आठवड्यात तुमच्या घराच्या पायऱ्यांवर मला एक बाई भेटली. लाँड्रीत इस्त्रीचं काम करते, बोटांवर भाजल्याचे डाग. तिचा भाऊ गोदामात हमाल होता. मुकादमाच्या खुनात जन्मठेप झाली आहे. खालच्या कोर्टात हरले, उच्च न्यायालयात हरले, आता शेवटचं अपील, पुढच्या महिन्यात सुनावणी. वकीलपत्र सरांकडे दिलंय. अगदी हरत आलेलं अपील सरांनी एका निवाड्याने फिरवलं असं तिने कुठेतरी ऐकलं होतं. कुठे ऐकलं असेल ते आता तुला सांगायला नको. तिने मला विचारलं, सर खूप मोठे वकील आहेत ना? तिचा चेहरा असा काही हलका झाला होता की मी 'हो' म्हटलं.

मी तशीच आत गेले. सर म्हणाले, बस, या खटल्याचा युक्तिवाद ऐकवतो. आणि भिंगरी, त्यांनी घड्याळजीच्या खुर्चीपासून सुरुवात केली. तोच विनोद, तीच खोली, तीच गरज. खुनाच्या अपिलात. मी त्यांचे हात धरले, म्हटलं, सर, मला पुन्हा उमेदवार म्हणून घ्या, फी नको, मागे बसते, पानं काढून देते. तर त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाले, आधी निवाडे वाचायला शीक, मग माझ्यामागे बस. जे खोटं मी त्यांना आनंदाने जपू दिलं, तेच पुढे करून त्यांनी मला दार लावून घेतलं. काकूंना सांगून पाहिलं. त्या रडल्या, पण म्हणाल्या की कोट काढला तर हे उरणारच नाहीत.

म्हणून लिहिते आहे. तू ये. एका रविवारच्या फोनने हे व्हायचं नाही. एखादा दात आता वाचणार नाही हे माणसाला समोर बसवून, डोळ्यांत बघून सांगायची तुला सवय आहे, तसं बाबांना सांग. तू सांगितलंस तर लेकीने हट्ट केला म्हणून ते मानाने ते वकीलपत्र सोडतील, घरातलं घरात राहील, आणि मी त्या बाईला चांगला वकील मिळवून देईन. तू आली नाहीस तर मला लाँड्रीत जाऊन तिला सगळं खरं सांगावं लागेल. ते मी करणार आहे, हेही लिहून ठेवते, कारण तिच्या भावाला यापुढे दुसरं कोर्ट नाही. पण मग ते सरांना कळेल, सगळ्यांना कळेल, आणि या वेळी हसून सावरून घ्यायला कोणी न्यायमूर्ती नसतील. एकदा मी त्यांच्या विरुद्ध उभी राहिले ग. पुन्हा मला उभं करू नकोस.

तुझीच,
शेपूट