‘घामट’ या गाण्यातल्या माझ्या निम्म्या हक्काबद्दल

मी, खाली सही करणारा, वय चव्वेचाळीस, धंदा पूर्वी गाणी लिहिण्याचा व हल्ली कपडे धुण्याचा, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हातानं लिहीत आहे. यकृत खराब झालेलं आहे, डोकं नाही. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. दारू सोडून सहा वर्षं झाली, तेव्हा मी शुद्धीवर नव्हतो असं पुढं कोणी म्हणू नये. माझ्या धाकट्या भावानं तर अजिबात म्हणू नये. मला कोणी धाक घातलेला नाही की गोड बोलून लिहून घेतलेलं नाही. याआधी मी एक मृत्युपत्र केलं होतं. ते एका हॉटेलच्या कागदावर आहे आणि त्यात मी सगळं अशा एका बाईला दिलं आहे जिचा चेहराही मला आठवत नाही. ते रद्द समजावं.

माणसांची नावं व पत्ते वकीलबाईंकडच्या पुरवणीत आहेत.

एक. राहतं घर, म्हणजे लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्या, मी माझ्या पत्नीला देत आहे. ती नऊ वर्षांपूर्वी घर सोडून गेली. जाताना म्हणाली, “तू भांडतानासुद्धा यमक जुळवतोस. मला शिसारी येते.” तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, माझ्या लिखाणाचं इतकं नेमकं परीक्षण दुसऱ्या कोणी केलं नाही. खोल्यांना ओल आहे आणि न्हाणीघरातला नळ गळतो. विकायच्या असतील तर तिनं खुशाल विकाव्यात.

दोन. लाँड्रीतली यंत्रं, वाळवणीच्या दोऱ्या आणि इस्त्रीची दोन्ही टेबलं तिथं काम करणाऱ्या दोघींना समसमान. बँकेत जे असेल ते माझ्या औषधपाण्याला जाईल; उरलंच तर तेही त्यांनाच. हॉस्पिटलच्या चादरींचं काम त्यांनी सोडू नये. घाणीचं काम आहे, पण ती घाण प्रामाणिक असते. आजारी माणसाच्या अंगातून आलेली असते, धुतली की जाते.

तीन. मायक्रोफोन, मिक्सर आणि वायरींचं खोकं ज्याला हवं त्यानं न्यावं. पाठीवर ‘सख्खे’ असं चंदेरी अक्षरांत लिहिलेली दोन जाकिटं मात्र जाळावीत. कोणी मागितली तरी देऊ नयेत.

‘सख्खे’ हे आमच्या जोडीचं नाव. मी लिहायचो, धाकटा म्हणायचा. माझा आवाज फाटक्या पत्र्यासारखा आहे. तो सतराव्या वर्षी एका दमात पन्नास-साठ शब्द म्हणायचा आणि त्यातला प्रत्येक शब्द शेवटच्या रांगेपर्यंत सुटा ऐकू जायचा. ठेका आम्ही वडिलांच्या लाँड्रीत शिकलो. तिथलं धुण्याचं मोठं यंत्र कपड्यांचा बोजा एका बाजूला गेला की धबडक धब, धबडक धब असं वाजायचं. एका दुपारी तो ठेका टेपवर धरायला आम्ही मुद्दाम बोजा वाकडा भरला आणि त्या नादात हॉस्पिटलच्या चादरींत एक निळा पडदा गेला. साठ चादरी निळ्या झाल्या. इस्त्रीवाल्या मावशीनं वडिलांना खरं काय ते सांगितलं. वडिलांनी टेपरेकॉर्डर ब्लीचच्या बादलीत बुडवला.

दुसऱ्या दिवशी मावशी डबा खायला गेलेली असताना, तिच्याच टेबलावर, मी तिच्यावर गाणं लिहिलं. चाळीस मिनिटं लागली. ती बाई दिवसभर वाफेत उभी राहायची. तिच्या अंगाला वास यायचा, जसा आमच्याही यायचा. गाण्याला नाव दिलं ‘घामट’.

चार. आमच्या मॅनेजरला मी एक हातरुमाल देत आहे. कपाटाच्या खालच्या खणात, प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे. धुतलेला नाही. त्यांच्या लक्षात असेल, ‘घामट’ छापलेले असे हजारो रुमाल त्यांनी कार्यक्रमांच्या दारात वाटले. लोक त्यानं बगला पुसायचे आणि ते स्टेजवर भिरकावायचे. आम्ही अकरा वर्षं, सहा अल्बम, परक्यांच्या घामात घोटाभर उभे राहून गायलो. वडिलांवर मी गाणं लिहिलं, मेलेल्या आईवर लिहिलं, शहरातल्या पडलेल्या पुलावर लिहिलं. लोक शेंगा खात बसून राहायचे आणि मध्येच ओरडायचे, घामट, घामट. मॅनेजर म्हणायचे, “अरे, गिऱ्हाईक जे मागतं ते वाढावं.” तो रुमाल त्यांनी हुंगावा, एवढीच माझी इच्छा आहे. सक्ती नाही.

पाच. आता मुख्य गोष्ट. ‘घामट’ या गाण्यात माझा निम्मा हक्क आहे व निम्मा धाकट्याचा. करारानुसार दोघांच्या सह्यांशिवाय ते गाणं कोणाला देता येत नाही. माझा निम्मा हक्क मी इस्त्रीवाल्या मावशीला देत आहे. कारण लिहिणं भाग आहे.

त्या गाण्यात एक ओळ आहे. ती ऐकून सगळ्यांत जास्त हशा यायचा. बाईच्या वासानं हैराण झालेला नवरा लग्नानंतर चौथ्या दिवशी तिचं अंथरूण व्हरांड्यात टाकतो आणि पुन्हा कधी आत घेत नाही, अशी ती ओळ. हे खरं घडलं होतं. मी पंधरा वर्षांचा असताना तापानं फणफणलो होतो. आई नव्हती, वडील चादरी पोचवायला गेलेले. मावशीनं मला धुतलेल्या कपड्यांच्या ढिगावर निजवलं आणि कपाळावर ओल्या घड्या ठेवत बसली. मी विचारलं, “मावशी, तू कधी कधी दुकानातच का झोपतेस?” तिनं सांगितलं. रडली नाही, घड्या बदलता बदलता सांगितलं. चार वर्षांनी मी त्याचं यमक जुळवलं.

गाणं बाहेर आल्यावर दोन महिन्यांत हॉस्पिटलचे वॉर्डबॉय तिला बघून ते गुणगुणायला लागले. रस्त्यात शाळेची पोरं नाक धरायची. तिच्या चाळीत कोणीतरी व्हरांड्यात फाटकी गादी आणून टाकली. नवऱ्यानं, ज्यानं वर्षानुवर्षं तिला आत घेतलं नव्हतं, आता बाहेरही राहू दिलं नाही. माझी अब्रू गावभर सांगत फिरतेस म्हणाला. एकोणीस वर्षांची नोकरी सोडून ती बहिणीकडे, शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली. वडिलांना हे वॉर्डबॉयच्या तोंडून कळलं. ते वर आले, दारातच उभे राहिले.

“चादरींवर काय काय असतं ते मी तीस वर्षं बघतोय,” म्हणाले. “मला कधी ओकारी आली नाही. आज आली.”

त्यांनी आमचे कपडे बोचक्यात बांधून खाली नेऊन ठेवले. मरेपर्यंत आमच्याशी बोलले नाहीत. त्यांच्यामागं लाँड्री मी पुन्हा उघडली, ती त्यांना बरं वाटावं म्हणून. ते बघायला नव्हते.

धाकट्यानं मात्र त्या ओळीवर पंचवीस वर्षं काढली. मुलाखतीत विचारतात, ही ओळ सुचली कशी, आणि तो केस मागं सारून म्हणतो, “निरीक्षण लागतं.” महिन्याभरापूर्वी मी हॉस्पिटलात सलाइन लावून पडलो असताना तो कागद घेऊन आला. एका डिओच्या कंपनीला जाहिरातीसाठी गाणं हवं होतं.

“दादा, गाणं तेच. शेवट फक्त बदललाय,” तो म्हणाला. “मावशी डिओचा फवारा मारते आणि नवरा तिला व्हरांड्यातून आत घेतो. क्यूट आहे एकदम. नट ठरलाय.”

मी भांड्यात ओकलो. नर्सला वाटलं, औषधानं.

इथवर वाचून कोणालाही धाकट्याची किळस येईल. मलाही येते. पण शुद्धीवर लिहितो आहे म्हटल्यावर पुढचंही लिहिलं पाहिजे. रेकॉर्डिंगच्या दिवशी त्या ओळीपाशी तो थांबला होता. म्हणाला, “दादा, हे नको. हे तिनं तुला विश्वासानं सांगितलंय.” मी म्हणालो, “तू आवाज आहेस. आवाजानं विचार करायचा नसतो.” तीन वेळा तो त्या ओळीशी अडखळला आणि तिन्ही वेळा मी त्याला पुन्हा सुरुवातीपासून म्हणायला लावली. चौथ्यांदा त्यानं ती हसत म्हटली. तेच सगळीकडं वाजतं. त्यानंतर लोकांनी त्याला ओळीचा धनी मानलं, शिव्याही त्याला पडल्या, टाळ्याही त्याला. मी गप्प बसलो. मला ते सोयीचं होतं.

पंधरा दिवसांपूर्वी दुपारी मी या कागदाचा कच्चा मसुदा घेऊन मावशीकडं गेलो. तळमजल्यावरची एक खोली, शिवणाचं यंत्र, खिडकीखाली पडद्यांचा ढीग. ती पडद्यांना टीप घालण्याचं काम करते. मला बघून तिनं पाय थांबवले.

“थोरला ना तू? वाळलास.”

“मावशी, त्या गाण्यातला माझा निम्मा हक्क तुझ्या नावावर करतोय. मग तुझ्या सहीशिवाय ते कुणाला वापरता येणार नाही.”

“अजून वाजतं ते?”

मी मान हलवली.

“मला वाटलं, संपलं असेल,” ती म्हणाली. “भाचीच्या लग्नात वाजलं होतं. सगळी नाचत होती, भाचीपण. तिला कुठं माहीत आहे.”

“मावशी, ती व्हरांड्याची ओळ धाकट्याची नाही. ती...”

“माहीत आहे मला. ती गोष्ट मी जन्मात एकालाच सांगितली होती. तुला ताप होता. म्हटलं, याच्या कुठं लक्षात राहणार आहे.”

मग तिनं चष्मा लावला आणि मसुदा हाताला धरून सावकाश वाचला. त्यात मी एक अट घातली होती, की हे गाणं यापुढं कधीही, कुठंही वाजवलं जाऊ नये. तिथं तिनं बोट ठेवलं.

“हे कुणी घातलं?”

“मी. म्हणजे ते कायमचं बंद होईल.”

“काढ.”

“मावशी, तुझ्यासाठीच...”

“माझं अंथरूण कुठं टाकायचं ते नवऱ्यानं ठरवलं. ते कुणाकुणाला सांगायचं ते तू ठरवलंस. आता गप्प कधी बसायचं तेही तूच ठरवणार? द्यायचं असेल तर दे. नाहीतर कागद घेऊन घरी जा.”

मी तिच्या यंत्रावर कागद ठेवून ती ओळ खोडली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मीही माफी मागितली नाही. मागायला तोंड नव्हतं. तिनं पडदा पुन्हा सुईखाली सरकवला. मी दारात पोचेपर्यंत यंत्र सुरू झालं होतं.

म्हणून हा निम्मा हक्क मावशीला कोणत्याही अटीविना देत आहे. तिनं गाणं बंद करावं, चालू ठेवावं, मनात आलं तर डिओवाल्यांना विकावं. ती शेवटची शक्यता मला आत्ताही नको आहे. तरी अट नाही. तिच्यामागं तो हक्क ती ठरवील त्याला जाईल.

सहा. माझ्या धाकट्या भावाला या मृत्युपत्रानं काहीही मिळत नाही. विसरलो म्हणून नव्हे, विचार करून.

ज्याला काही मिळत नाही त्याला साक्षीदार होता येतं, असं वकीलबाई म्हणाल्या. म्हणून काल सकाळी मी त्याला बोलावलं. केस रंगवलेले, काळा चष्मा, अंगाला डिओचा वास. कंपनीनं खोकंभर फुकट पाठवले आहेत म्हणे. बोचक्यांच्या मध्ये उभं राहून त्यानं हे सगळं पहिल्यापासून वाचलं. शिव्या देईल, कागद फाडील, अशा तयारीनं मी उभा होतो. पाचवं कलम त्यानं दोनदा वाचलं. मग बोचक्यावर बसला.

“मी नको म्हणालो होतो?” त्यानं विचारलं.

“लिहिलंय ना.”

“लिहिलंयस ते दिसतंय. मी खरंच म्हणालो होतो का?” त्यानं चष्मा काढला. “मला वाटायचं, ते मी मागाहून मनानं रचलंय. रात्री झोप लागावी म्हणून. म्हटलं, आपण कसले नको म्हणतोय.”

“म्हणाला होतास. तीन वेळा अडखळलासही.”

 इस्त्रीच्या टेबलावर कागद नीट पसरून त्यानं आपल्या सहीची जागा बघून घेतली, आधी माझी सही व्हायला हवी ना, याची खात्री करून घेतली आणि आज साडेदहाला वकीलबाईंसमोर सही करायला येतो म्हणाला. त्याला काहीही मिळत नाही, हे कायम आहे.

वरील मजकूर मी वाचून पाहिला आहे. खाडाखोड मसुद्यात एकच झाली व ती समजून केलेली आहे. खालील दोघांनी मला सही करताना पाहिलं व मी त्यांना.

सही: मृत्युपत्र करणारा

साक्षीदार पहिल्या: वकीलबाई (सही)

साक्षीदार दुसरा: मृत्युपत्र करणाऱ्याचा सख्खा भाऊ (सही)

ठिकाण: लाँड्री, इस्त्रीचं टेबल

दिनांक: नऊ सप्टेंबर, सकाळी साडेदहा