पाठीवरची टिकली

चिकलठाणा, छत्रपती संभाजीनगर

ती. लक्ष्मीताईंना तुमच्या एकुलत्या एका भावजयीचा, म्हणजे तनुजाचा, वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तरी वाकून).

वैजापूरला सगळे खुशाल असतील, भाऊजींचा गुडघा आता जिना चढू देत असेल आणि तुमचं बीपी आम्हाला फोन केल्यावरच वाढत असेल, अशी आशा आहे. फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. ताई, फोनवर तुम्ही मला तोंड उघडू देत नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मी चार ओळी लिहिल्या की तुमच्याकडून अक्रोडाचे फायदे येतात. पत्र मधेच तोडता येत नाही. परवा तुम्ही तुमच्या भावाला बजावलं म्हणे, की तनुजा आईच्या पाठीवर कसलं तरी प्लास्टर चिकटवते, त्यानंच आईचं डोकं फिरलं, हळदीकुंकवात तमाशा झाला, ते काढून फेका, मी शनिवारी येतेच आहे. म्हणून हे शनिवारच्या आधी पोचेल अशा बेतानं कुरिअरनं धाडते.

आधी प्लास्टरचं. आईंच्या अल्झायमरसाठी डॉक्टरांनी सुरुवातीला गोळ्या दिल्या होत्या. आई त्या नेमानं घ्यायच्या आणि नेमानं पदरात थुंकायच्या. पुढं एक दिवस सगळ्या गोळ्या मटकीच्या डब्यात सापडल्या (उसळ करायच्या आधी सापडल्या, देव पावला). मग डॉक्टरांनी ही पट्टी लिहून दिली. औषध तिच्यातच असतं, कातडीतून हळूहळू आत जातं. रोज सकाळी जुनी काढायची, नवी लावायची, जागा बदलायची, आणि लावायची पाठीवर, म्हणजे आईंचा हात पोचत नाय. यानं आजार बरा होणार नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं. जे अजून शाबूत आहे ते जरा जास्त दिवस टिकावं, एवढ्यासाठीच ती. आता ही पट्टी असते गोल आणि कातडीच्या रंगाची. आईंनी ती हातात घेऊन, उलटीसुलटी करून निकाल दिला, की ही टिकली आहे, आणि टिकली कुठं लावतात एवढंही या पोरीला माहेरी शिकवलं नाय.

आता हळदीकुंकू. वाण म्हणून मी शहागंजातून चहाच्या गाळण्या आणल्या होत्या (तुमच्यासाठी एक ठेवली आहे, जाळी बारीक आहे). सगळ्या सोसायटीतल्या बायका जमलेल्या, मी आत दूध आटवत उभी, आई हॉलमध्ये नवं लुगडं नेसून खुर्चीवर. बायकांना म्हटलं, करंडा टेबलावर आहे, एकमेकींना लावून घ्या, आलेच मी. त्या करंड्याशेजारी पट्ट्यांचा डबा होता. तो तिथं कुणी ठेवला, या विषयावर तुमचे भाऊ आणि मी अजून बोलत नाही. मामंजी गेल्यापासून आईंनी कुणाला कुंकू लावलं नव्हतं. लावू दिलं नव्हतं, असंच म्हणायला पाहिजे. पण मामंजी गेले हेच त्या विसरल्यात, त्यामुळं घरच्या मालकिणीच्या थाटात उठल्या, आणि पाकिटं फाडून येईल तिच्या कपाळावर एकेक पट्टी ठासून बसवली. आपल्या बायका भल्या! आजी, हे काय, असं एकीनं म्हणावं की नाय? वरच्या मजल्यावरच्या आवडाबाई तर स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, आजकाल अशा टिकल्या निघाल्यात व्हय, लई छान बसते. मी दुधावरची नजर न काढता हो म्हटलं. तेवढ्यात लाईट गेली. दूध आणि गाळण्या मी अंधारातच वाटल्या, त्यामुळं कुणाच्या कपाळावर काय आहे ते देवालाही दिसलं नसेल.

सकाळी आईंना पट्टी लावायला डबा उघडला, तर आत काहीच नाय, आणि खुर्चीखाली फाटक्या पाकिटांचा ढीग. आईंना विचारलं, तर म्हणाल्या, बायका आल्या होत्या, रिकाम्या कपाळानं धाडू का? डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, आधी सगळ्यांच्या काढा, जागा साबणानं धुवा, हे दुसऱ्या कुणासाठी नाही, आणि कुणाला मळमळ-चक्कर असेल तर लगेच कळवा. मग मी एका पायात माझी चप्पल, दुसऱ्या पायात तुमच्या भावाची, हातात साबण, अशी दारोदार. पण ताई, झोपताना टिकली काढून आरशाला चिकटवायची आपली सवय काय कामाला आली म्हणून सांगू! घरोघरी औषध आरशावर. त्या दिवशी आमच्या सोसायटीतल्या आरशांची स्मरणशक्ती नक्की सुधारली असेल.

फक्त आवडाबाईंच्या नव्या सुनेनं, संस्कृतीनं, मोठ्या माणसानं लावलेलं काढू नये म्हणून ती पट्टी रात्रभर कपाळावर ठेवली. सकाळी तिला उलटी झाली. आणि मी साबण घेऊन पोचेपर्यंत आवडाबाईंनी सोसायटीच्या ग्रुपवर गोड बातमी टाकली होती! खाली लोकांचे फुगे, फुलं, जोडलेले हात. तिचा नवरा सत्यम भिंतीला टेकून घाम पुसतोय. मी म्हटलं, काकू, गोड बातमी नाय, आमच्या आईंचं औषध आहे. असं तोंड मी जन्मात पाहिलं नव्हतं. पट्टी काढली, पोरीला डॉक्टरांना दाखवलं, संध्याकाळपर्यंत ती ठणठणीत झाली. आवडाबाईंनी मात्र बातमी अजून पुसलेली नाय. म्हणतात, राहू दे, कधीतरी लागेलच.

तर ताई, पट्टीनं डोकं फिरलंच असेल तर आवडाबाईंचं. आईंचं त्याच्या आधीपासून हळूहळू चाललंय, तुम्ही दिवाळीचे दोन दिवस बघता, मी रोज बघते. डॉक्टर म्हणतात, आपल्या मनानं बंद करू नका, आहे तेही लवकर जाईल. अजून त्या आपल्या हातानं जेवतात, आपली वेणी घालतात, माझ्या भाकरीला नावं ठेवतात. मला हे सगळं हवंय, नावं ठेवणंसुद्धा. म्हणून शनिवारी काहीही काढून फेकू नका, ही हात जोडून विनंती.

भाऊजींना आणि त्यांच्या गुडघ्याला नमस्कार.

तुमची,
तनुजा

ता. क. येताना ज्वारी आणा. अक्रोड आणू नका, आधीचेच पडून आहेत.

आणखी ता. क. एवढं सगळं लिहिलं ते खरं तर पुढचं मागायची हिंमत होईना म्हणून. आई सुनेला पाठीला हात लावू देत नाहीत. परक्याच्या लेकीपुढं चोळी सैल करायची का, म्हणून भांडतात. एक दिवस रडकुंडीला येऊन मी म्हटलं, आई, मी लक्ष्मी. त्यांनी लगेच पाठ पुढं केली. तेव्हापासून रोज सकाळी मी तुम्ही असते. पट्टी लावते आणि माझ्याच चुगल्या ऐकून तुमच्या वतीनं मान डोलावते. म्हणून शनिवारी दारातच, आई, मी तुझी लक्ष्मी, असं म्हणू नका. दोन लक्ष्म्या झाल्या तर त्या दोघींनाही हाकलतील आणि पट्टी लावायची राहील. ती जागा भरली आहे ताई. दोन दिवस तुम्ही सून व्हा. वाईट वाटेल, माहीत आहे. मलाही तुमच्या जागी बसताना वाटतं.

शेवटचं ता. क. सून होणं तितकंसं वाईट नाय. काल पट्टी लावताना आई माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, "लक्ष्मे, आपली तनुजा लई गुणाची हाय बरं. पण तिला सांगू नको, डोक्यावर बसंल." मी तिला सांगितलेलं नाय. तुम्हीही सांगू नका.