सुतारभाऊंची कंबर

४ मार्च, सोमवार

डोकं फिरलंय! सुतारभाऊ आज पुन्हा कंबरपट्टा बांधून आले. कोणी सांगितला म्हणून विचारलं, तर म्हणे कारखान्यातल्या फोरमनने आणून दिला. हा फोरमन कोण? डॉक्टर?

या माणसाची कंबर गेले आठ महिने दुखतेय. सगळ्या तपासण्या झाल्या. मोठे डॉक्टर स्वच्छ म्हणाले, मणक्याला काही नाही, व्यायाम करा, हळूहळू कामाला लागा. ते राहिलं बाजूला. माझ्याकडे फिजिओथेरपीला आले की वाळूची पिशवी अशी झोकात उचलतात की बघत राहावं, आणि कामावर गेले की बाहुला!

मालकाचा निरोप आलाय— महिनाअखेर स्वतःच्या सुतारकामाच्या बाकाशी उभे राहिले नाहीत तर दारांचं काम दुसऱ्याला. जन्मभर या माणसाने दारंच केली. दुसरं काही करायची त्यांची तयारीच नाही.

६ मार्च, बुधवार

सुतारभाऊंच्या बायकोला फोन केला. वहिनी त्यांना पाण्याचा जगसुद्धा उचलू देत नाहीत. "त्यांचा चेहरा बघवत नाही हो." अहो, पण दुखलं म्हणजे मोडलं असं नसतं! थोडं दुखणारच. कोणाकोणाला समजवायचं?

घरी तोच आवाज लागला असणार. नवरा म्हणाला, "दिवसभर लोकांच्या कमरा सरळ करतेस आणि घरी येऊन आम्हाला सरळ करतेस."

८ मार्च, शुक्रवार

पुन्हा पट्टा.  कपाळावर हात मारून घेतला.

१२ मार्च, मंगळवार

आज स्वतःच कारखान्यात गेले. भुसा, सरसाचा वास, करवतीचा कानठळ्या बसवणारा आवाज. खिडकीजवळ सुतारभाऊंचा बाक— रिकामा! आणि ते कुठे? कोपऱ्यात, उशी घातलेल्या खुर्चीत, पंखा त्यांच्याकडे वळवलेला, मांडीवर बिजागऱ्यांचं खोकं. निवडत बसलेत! एकदा उठून फळीला हात घातला तर तिघं धावले. "राहू दे भाऊ, राहू दे!" त्यात फोरमनचा आवाज सगळ्यांत मोठा.

मग मात्र माझा तोल गेला. सगळ्यांसमोर विचारलं, "तुम्ही यांचं भलं करताय की वाटोळं?" करवत बंद पडली. सुतारभाऊ खाली मान घालून बिजागऱ्याच निवडत राहिले.

फोरमन मला बाहेर घेऊन गेला. दांडगा माणूस, कानावर पेन्सिल. म्हणाला, "ताई, माझ्यामुळे झालंय हे. ते मोठं कपाट मीच त्याला एकट्याला उचलायला लावलं. जागच्या जागी बसला बिचारा. आता त्याच्या हातात फळी दिसली की मी हातातलं टाकून धावतो."

 आवाज खाली आणून समजावलं. सकाळी थोडा वेळ बाकावर, आधी नुसता रंधा, मग जोडीने चौकट उचलायची. दुखलं तर दुखू दे, पण हातातलं काढून घ्यायचं नाही. सगळ्याला हो म्हणाला.

१५ मार्च, शुक्रवार

पालथ्या घड्यावर पाणी! खुर्ची गेली, उशी गेली, आता फोरमन स्वतःच बाकाशी उभा राहून त्यांचा रंधा मारतो. आणि हे मुकाट मारू देतात! माझ्याशी शब्दाशब्दाला वाद घालणारा माणूस त्याच्यापुढे तोंड उघडत नाही. का?

२० मार्च, बुधवार

विचारलंच शेवटी.  सुतारभाऊंनी कंबरेचा पट्टा सोडून टेबलावर ठेवला.

"ताई, ही कंबर कपाटाने गेली नाही. त्या दिवशी सकाळी अंघोळ करताना साबण निसटला, तो उचलायला वाकलो आणि कंबर धरली. तसाच कामावर गेलो. कपाट उचललं तेव्हा पार बसलोच. सगळे धावले, फोरमन तर रडायला लागला. त्यात सांगू, साबणाने झालं म्हणून? हसले असते! मग राहूनच गेलं. आता तो जपतो आणि मी जपून घेतो. बाकाशी उभा राहिलो की त्याच्याकडे बघायची हिंमत होत नाही."

असा राग आला! इतके महिने मी कंबरेला मारून-मुटकून वाकवतेय, आणि खरा काटा इथे! म्हटलं, कंबर साबणाने धरते, शिंकेनेही धरते, त्यात लाजायचं काय? जाऊन सांगून टाका त्याला.

"सांगतो," म्हणाले. चेहरा पडलेला.

आता मलाच धाकधूक. बाकाशी कोण उभं राहणार हे फोरमनच्या हातात. त्याने डोक्यात राख घालून घेतली तर दारांचं काम उद्याच जाईल. सल्ला द्यायला माझं काय जातंय!

२२ मार्च, शुक्रवार

आले नाहीत. फोनही उचलत नाहीत. मी उगाच तोंड घातलं. जेवण गेलं नाही.

२५ मार्च, सोमवार

आजही पत्ता नाही. शेवटी फोरमनलाच फोन लावला. म्हणाला, "सांगितलं त्याने, ताई. साबणाचं मला ठाऊक नव्हतं. पण त्या सकाळी तो वाकडा होऊन चालत आला, ते मी बघितलं होतं. गाडी दारात उभी होती, गिऱ्हाईक ओरडत होतं... म्हटलं, उचल. हे मीही त्याला कधी बोललो नव्हतो. शनिवारी बोललो."

"मग?"

"मग काय! अशी शिवी हासडली मला—"

तेवढ्यात मागून सुतारभाऊंचा आवाज आला, चांगला खणखणीत. "फोन ठेव की रे! धर दाराचं ते टोक, कंबर दुखतेय माझी!"