डोह कसा काढायचा

४ मार्च

तळं आणि तलाव, फरक काय? — सून विचारते. विचारते म्हणजे फोनवर टाइप करते आणि फोन माझ्या नाकासमोर धरते. जन्मापासून ऐकू येत नाही तिला. आणि मी जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून बसलेली! देवानं जोडी बरी जमवली.

मी लिहिलं, तळं लहान, तलाव मोठा.

"किती लहान?"

मला काय माहीत किती लहान!

५ मार्च

आता उलगडा झाला. लहान मुलांसाठी चित्रांचा शब्दकोश निघतोय, त्यातलं पाण्याचं पान सुनेकडे काढायला आलंय. तळं, तलाव, डबकं, ओढा, ओहोळ, झरा, डोह, सरोवर — प्रत्येकाचं चित्र वेगळं हवं. तिनं पाठवलेला पहिला नमुना संपादकबाईंनी परत केला. "सगळीकडे एकच निळा डाग दिसतो."

रंगांवर हात बसलाय पोरीचा, पण हे शब्द तिनं कधी कुणाच्या तोंडून ऐकलेच नाहीत. म्हणून माझ्याकडे आली. आणि मला वाटत होतं मला येतात!

मुलगा घरी असता तर त्यानं सांगितलं असतं. तोच आमच्यातला दुभाषी. तो दुसऱ्या देशात नोकरीला गेल्यापासून या घरात फक्त भांडी बोलतात.

८ मार्च

ओट्यावर पाणी सांडलं. सुनेनं लगेच बोट दाखवून विचारलं, "डबकं?" छे, म्हटलं, सांडलेलं पाणी ते! फडकं हातात घेतलं आणि थांबले. का नाही पण? डबकं साचावं लागतं. शिळं व्हावं लागतं. वास यायला हवा. हे लिहायचं कसं? मी नाक दाबून तोंड वाकडं केलं.

ती हसली. खळखळून, मोठ्यानं! तिच्या हसण्याला आवाज आहे. लग्नाला दोन वर्षं झाली, आणि हे मला आज कळतंय. की पूर्वी हसली होती आणि मी लक्ष दिलं नव्हतं?

९ मार्च

ओढा आणि ओहोळ. दिवसभर तेच डोक्यात. ओहोळ ओलांडता येतो, ओढ्यात पाय भिजतो — असं लिहून दिलं. खरं आहे का, देव जाणे.

१२ मार्च

शेजारीण जिन्यात म्हणाली, "तुमची सून तुम्हाला पाण्यात बघते हो. कधी मान वर करून बघत नाही." सून माझ्यामागेच होती, तिनं शेजारणीच्या ओठांवरून अर्धंमुर्धं वाचलं असणार. घरात आल्यावर फोन पुढे केला — "माणसाला पाण्यात कसं बघतात? तेही काढायचंय का?"

काय सांगू! लिहिलं, काही नाही, नुसतं बोलणं आहे. ती तरी बघत राहिली माझ्याकडे. खरंच पाण्यात बघते का ही मला? की मी हिला? कळत नाही.

१४ मार्च

मुलाचा फोन. उभ्या उभ्या बोलल्यासारखा. "कधी येतोस?" तर "बघतो गं आई." म्हटलं, तिला देते, चेहरा तरी दाखव. "नको, घाईत आहे." बायकोचं साधं नावसुद्धा काढलं नाही. कुठंतरी पाणी मुरतंय. की कामाचा ताण असेल? मुलं दमतात.

सुनेला खूण केली, त्याचा फोन होता. तिनं मान डोलावली आणि ब्रश धुवायला गेली.

१७ मार्च



"डोह कसा काढायचा?" असं सकाळी तिनं विचारलं. म्हटलं, सांगता येत नाही, चल दाखवते. बसनं नदीवर गेलो. पुलापासून थोडं वर, वळणावर पाणी काळं होतं आणि हलायचं थांबतं. लहानपणी वडील मला तिथं काठावरच बसवायचे. पुढे जाऊ देत नसत, कारण खडक एकदम तुटतो.

हे सगळं टाइप करायला मी चष्मा शोधतेय, तोवर हिनं चपला काढल्या! घोटाभर पाण्यात. मग गुडघाभर. मी ओरडले, "अगं थांब!" परत ओरडले. ती पाठमोरी. ओरडून काय होणार होतं! धावायचं तर गुडघे साथ देत नाहीत. खाली दिसला तो दगड उचलला आणि तिच्या पुढं पाण्यात टाकायला भिरकावला.

तो खांद्यावर बसला.

ती वळली. ती नजर! मी हातवारे केले — खोल, खोल, मागे ये. माझ्या हातांतून काय गेलं कोण जाणे. ती बाहेर आली, माझ्या शेजारून निघून गेली. बसमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसली.

१८ मार्च

तिची खोली बंद. दार ठोठावून उपयोग नाही. बाहेर बटण आहे, ते दाबलं की आत दिवा लागतो. मुलानंच बसवलंय. मी दाबत राहिले. फोनवर लिहून पाठवलं, "मारला नाही गं, थांबवत होते." वाचलं तिनं. दार उघडलं नाही.

मुलाला सगळं कळवलं. तू तिला तुमच्या खुणांच्या भाषेत समजाव, म्हटलं. संध्याकाळी उत्तर आलं — "तुम्ही दोघी बघून घ्या."

असं कसं लिहितो हा?

१९ मार्च

सकाळी पाणी प्यायला बाहेर आली. मी तिचा हात धरून ओट्याशी नेलं. माझी दोन बोटं ओट्यावरून चालवली. मनगटाला हात लावून दाखवलं — इथं घोटाभर. कोपराला — इथं गुडघाभर. आणि बोटं ओट्याच्या कडेवरून खाली टाकली. पार खाली!

ती बघत राहिली. मग स्वतःची दोन बोटं चालवत आणली. कडेवर थांबवली.

खांदा चोळला. माझ्या गळ्याकडे बोट दाखवलं. ओरडलात? मी मान डोलावली. तिनं लिहिलं, "किती मोठ्यानं?" आणि तळहात माझ्या गळ्यावर ठेवला. आता काय करणार! ओरडले. "थांब!"

शेजारीण ओल्या हातांनी धावत आली. काय झालं, काय झालं? आम्ही दोघी हसतोय, आणि तिला काय सांगावं हे दोघींनाही कळेना.

२३ मार्च

डोह झाला. काळं पाणी, तुटलेला खडक, आणि काठावर एक जाड बाई तोंड वासून ओरडतेय. साडी माझी! संपादकबाईंनी विचारलं, ही बाई कशाला? सुनेनं उत्तर पाठवलं, "तिच्यामुळे खोली कळते." चित्र पास.

सरोवर राहिलंय. ते मला कधीच समजलं नव्हतं, हे कबूल करून टाकलं.

२६ मार्च

मुलाचा फोन. तो परत येणार नाही. तिथं दुसरी कुणी आहे, तिच्याशीच लग्न करणार. मी म्हटलं, आणि इथलीला कोण सांगणार? तर म्हणाला, "तिला जानेवारीपासून माहीत आहे, आई. तुलाच सांगायचं राहिलं होतं."

जानेवारीपासून! आणि मी समजत होते, मी तिला सांभाळतेय.