पुढचा दगड

१८ नोव्हेंबर १९९३

पोचले एकदाची! कल्याण सोडताना आईनं तोंड एवढंसं केलं होतं, मला मात्र सहलीला निघाल्यासारखं वाटत होतं. मुरबाडच्या स्टँडवर भाजीची रिकामी पाटी घेतलेल्या एका बाईनं मला विचारलं, ही गाडी धसईला जाते का? गाडीच्या कपाळावर हातभर अक्षरांत धसई लिहिलेलं. मी तिला तिथल्या तिथं ऐकवलं, की डोळ्यांसमोर एवढं लिहिलंय आणि विचारता काय? हे विचारणं बंद करायलाच मी आलेय! ती नुसती हसली. नाव ठमी. धसईच्या पुढं डोंगराला लागून जी ठाकरवाडी आहे, जिथं मला प्रौढांना वाचायला शिकवायचंय, तिथलीच निघाली ती. माझी ट्रंक तिनंच डोक्यावर घेतली.

खोली लहान पण स्वच्छ, ताजी सारवलेली. खिडकीतून एका बाजूला भाताची खळी दिसतात, दुसऱ्या बाजूला वाडीबाहेरचा मोठा उंबर. पेंढ्याचा वास घरभर. मी खूश आहे.

२३ नोव्हेंबर

वर्ग सुरू झाला. बाराखडी घोकून घेणं मला पटत नाही. आपण वाचताना अक्षरं जोडत बसतो का? ओळखीचा माणूस बांधावरून येताना दिसला, तर नाक, कान, मिशा वेगवेगळ्या बघून कुणी ठरवत नाही. चालीवरूनच कळतं, आपला काका आला. शब्दाचंही तसंच आहे, तो अख्खा नजरेत भरतो. आणि एकदा ओळख झाली की मोडता येत नाही. ओळखीचा शब्द समोर आला की वाचायचा नाही म्हटलं तरी वाचला जातोच.

सगळ्यांत पक्की ओळख स्वतःच्या नावाची, म्हणून मी नावापासून सुरुवात करते. ठमीनं दुसऱ्याच दिवशी भरल्या फळ्यातून स्वतःचं नाव बोटानं दाखवलं. मला इतका आनंद झाला! बाकीचे मात्र जांभया देतात. महिपत म्हणून वाडीतला जाणता म्हातारा आहे. तो रोज दाराशी बसतो, शिकत काही नाही, माझ्या खडूकडे बघत राहतो. त्याचा मला राग येतो.

२ डिसेंबर

उंबराखाली या लोकांनी आपल्या मेलेल्यांचे दगड रोवलेत. एका ओळीत, शेंदूर फासलेले, नाव कशावरही नाही. घरचे लोक आकारावरून आपापला दगड ओळखतात. ओळीच्या टोकाचा दगड मात्र कोरा होता. ठमीला विचारलं, तेव्हा ती म्हणाली तो पुढच्याचा. एक दगड कायम आधीच रोवून ठेवायचा, म्हणजे जो कुणी जाईल त्याला जागा हुडकत भटकावं लागत नाही. माणूस गेला की त्यावर शेंदूर चढतो आणि शेजारी नवा कोरा दगड उभा राहतो.

मला झकास कल्पना सुचली आहे. फळा गेला खड्ड्यात! उद्या सगळ्यांना इथंच आणते आणि दगडांवर त्यांच्या माणसांची नावं लिहिते. आपल्या बापाचं नाव वाचायला कोण जांभई देईल?

३ डिसेंबर

राग अजून उतरलेला नाही. पांढरा ऑइलपेंट घेऊन गेले होते. शेंदरावर रंग धरेना, म्हणून नमुन्यादाखल कोऱ्या दगडावर माझंच नाव लिहिलं, छान ठसठशीत. प्रेमा. वळून बघते तर सगळे मागं सरकलेले. ठमीनं तोंडाला पदर लावला होता. महिपत काठी घेऊन अंगावर धावून आला. त्याचं म्हणणं असं, की तो दगड वाट बघत असतो, पण कुणाची ते त्याला ठाऊक नसतं, आणि ते तसंच राहायला हवं. मी म्हणे त्या दगडाला माझी ओळख करून दिली. ‘आता तो तुला वाचंल. दुसरा कायबी वाचनार नाय,’ असं तो परत परत ओरडत होता.

मी त्याला म्हटलं, आधी तुम्ही वाचायला शिका, मग दगडांचं बघू. बाया भराभर पोरांना घेऊन निघून गेल्या.

१४ डिसेंबर

वर्गाला कुणी येत नाही. ठमी तेवढी दुपारी चोरून येते. विहिरीवर मी दिसले की बाया हंडे उचलतात. दुकानदार पैसे हातात घेत नाही, खाली ठेव म्हणून खुणावतो. माझं नाव कुणीच उच्चारत नाही. उपकार करायला आले आणि हे फळ! शेवटी घासलेटनं तो दगड पुसायला गेले. घासून घासून बोटं सोलली, तरी नाव दिसतंच.

आज पेपर वाचताना मजेशीर झालं. अक्षरं सगळी कळत होती, पण शब्द होईना. चष्मा लागणार बहुतेक.

२७ डिसेंबर

चष्म्याचं नाही हे. पुस्तक उघडलं की एकेका अक्षरावर बोट ठेवून जोडावं लागतं, सुरुवातीच्या ठमीसारखं. ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरते. लिहिता मात्र येतं. हात आपोआप चालतो, आताही चालतोय. पण लिहिलेलं वाचायला गेले तर दुसऱ्या कुणी लिहिल्यासारखं परकं दिसतं. ठमी एव्हाना भराभर वाचते. मला तिचा हेवा वाटतो, आणि भीती वाटते. खूप भीती वाटते.

२ जानेवारी १९९४

एकच शब्द वाचता येतो. काडेपेटीवर प्रेमा. साबणाच्या कागदावर प्रेमा. या वहीच्या पहिल्या पानापासून प्रेमा, प्रेमा, प्रेमा. डोळे मिटले तर बरं वाटतं. उघडले की वाचला जातोच.

५ जानेवारी

पळून जायला निघाले. धसईला गाड्या उभ्या होत्या. पाट्या बघितल्या, सगळ्यांवर माझंच नाव. शेजारी एक म्हातारी होती, तिला विचारायचं फक्त. जीभ उचलेना. वाचायला शिकवणारी बाई विचारणार, ही गाडी कुठं जाते? एका पाटीवर नाव जास्त ठळक दिसलं. चढले. उतरले तेव्हा समोर आपलीच वाट, आणि उंबर.

लाज नसती वाटली तर आज घरी असते मी.

९ जानेवारी

कुणी दार वाजवत नाही. पाणी संपलंय प्रेमा. खिडकीतून दगड दिसतो. काल तो ओळीच्या टोकाला होता, आजही तिथंच आहे प्रेमा, पण त्याचं तोंड इकडे वळल्यासारखं वाटतं. दगडाला तोंड कुठलं! मला वेड लागतंय की काय—

१० जानेवारी

ठमी आली. रडले तिच्यापाशी. तिला खिडकीतला दगड दाखवून वाच म्हटलं. ती म्हणाली, कोराच आहे, प्रेमा तुमचा रंग कधीच निघाला. मग ही वही दिली. मी काय लिहिते ते तरी मला कळू दे. ती ओळीवरून बोट फिरवत वाचत गेली, पाणी संपलंय इथवर, आणि थांबली. ‘बाय, हितं मदीच तुमचा नाव कशाला लिवलाय?’ मी नाही लिहिलं, म्हटलं. तिच्या हातातून वही पडली.

उद्या सकाळी ती मला हाताला धरून प्रेमा प्रेमा कल्याणच्या गाडीत बसवणार आहे. शप्पथ घेतलीय तिनं. सुटले मी.

११ जानेवारी

उजाडलं. ठमी नाही. खिडकीतून प्रेमा महिपत दिसतोय, हातात वाटी. मागं वाडी. ठमीपण आहे, पदरानं डोळे पुसतेय—

हाका मारल्या. ठमीनं वळून बघितलं. नीट माझ्याकडे. प्रेमा प्रेमा ओळखलं नाही तिनं. रिकाम्या खिडकीकडे बघावं तसं—

वाटीत शेंदूर. माणूस गेल्यावर चढवतात ना? अहो, मी गेले नाही! आहे मी, लिहितेय, कुणीतरी वाचा प्रेमा मी इथं प्रेमा प्रेमा मी प्रे—