मामीनं सांगितलेला मजकूर

दि. ९ फेब्रुवारी, सकाळ

मामी,

'तीर्थरूप' लिहायला पेन टेकवलं होतं, पण हात पुढे सरकेना. नमस्कार तेवढा घ्या. गुडघे कसे आहेत?

परवा दादाचा फोन आला. तुमच्या या लाडक्या लेकाला वीस वर्षांत माझा नंबर सापडला नव्हता, तो आता सापडला. म्हणाला, "आईनं खाली उतरणं सोडलंय. बिल्डिंगमधल्या बायका तिला बघून कुजबुजतात. तू लिहितेस त्या मालिकेतली मामी शेवटी सुधारलेली दाखव ना, प्लीज."

मी म्हटलं, "मालिकेत कुणाचं नाव घेतलंय का मी? खाई त्याला खवखवे."

खरं सांगते, फोन ठेवल्यावर दोन कप चहा प्यायले. इतका गोड चहा बऱ्याच वर्षांत लागला नव्हता.

आईबाप गेलेली नऊ वर्षांची पोर आपलं म्हणणारं घर शोधतेय, एवढीच तर गोष्ट आहे. माय मरो पण मावशी जगो, असं म्हणतात. मामीबद्दल कुणी असं का म्हणून ठेवलं नाही, ते दीडशे भागांत लोकांना बरोबर कळलंय. सेट बघायला एकदा याच. तुमचं स्वयंपाकघर मी इंचाइंचानं सांगून उभं करून घेतलंय. अडगळीच्या खोलीची कडी पाहून सुतार म्हणाला, "मॅडम, कडी बाहेरून लिहिलीय. चुकून का?" मी म्हटलं, "नाही हो, बाहेरूनच." ती लावताना त्या बिचाऱ्याचे दोन खिळे वाकडे गेले. मालिकेत तुमची भूमिका करणाऱ्या बाईंना मी मुद्दाम शिकवलंय, की थोबाडीत मारायच्या आधी हात नीट कोरडे करायचे. त्या म्हणाल्या, "असं कोण करतं?" काय सांगू त्यांना!

असो. पत्र यासाठी नाही. दोन पानं झाली तरी मी कडी आणि सुतारच सांगत बसलेय.

चॅनेलकडे प्रेक्षकांची पत्रं येतात. त्यात एक आलं, थरथरत्या अक्षरातलं. आपल्या गल्लीच्या टोकाला ग्रंथालय होतं, तिथल्या बाईंचं. मला मुलांच्या कपाटाशी बसू द्यायच्या त्या. त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. मूलबाळ नव्हतं. त्यांनी लिहिलंय, "तुमच्या मालिकेतल्यासारखी एक मुलगी आमच्याकडे कायमची राहायला यायची होती. तिच्यासाठी खिडकीशी पलंग लावला होता. मग तिचंच पत्र आलं, मला यायचं नाही. तुम्ही अशा मुलांच्या मनातलं लिहिता, म्हणून विचारते. आमचं काय चुकलं असेल?"

आमचं काय चुकलं! एकोणतीस वर्षं, मामी!

मी गेले त्यांच्याकडे. घड्याळवाले काका आठ वर्षांपूर्वीच गेले, तेही आपलंच काही चुकलं असं मानून. ते पत्र त्यांनी घड्याळाच्या डबीत घडी घालून ठेवलेलं. माझं अक्षर, रेघ सोडून खाली घसरणारं. 'माझी मामीच माझी आई आहे. मला तुमच्या घरी करमणार नाही. पुन्हा मला बोलवू नका.' खाली सही, 'मामीचीच'.

मी म्हटलं, "बाई, हे मामीनं लिहून घेतलं."

त्या म्हणाल्या, "मजकूर तिचा असेल गं. पण कुणाला लिहितेयस, ते तुला ठाऊक होतं ना?"

मी "नाही" म्हटलं. त्यांनी माझा हात थोपटला. "गोष्टी रचणं तुझं कामच आहे, बाळ."

विश्वास नाही ठेवला. बाई अंथरुणाला खिळल्यात; डॉक्टर आता महिन्यांचं बोलत नाहीत, आठवड्यांचं बोलतात. मला त्यांना असं जाऊ द्यायचं नाही.

आता ऐका. त्या दुपारी घरात आपण दोघीच होतो. तुम्ही मला पुढ्यात बसवून केस विंचरलेत. ओढून नाही. गुंता मुळाशी धरून, हळूहळू. दादाचे विंचरायचात तसे. आणि म्हणालात, "लिही हं, माझ्या सोन्या." कुणाला लिहितेय ते मला माहीत होतं, मामी. पूर्ण माहीत होतं. मला वाटलं, लिहिलं की तुम्ही रोज विंचराल. दुसऱ्या दिवशी भांड्यांचा ढीग होता आणि कडी होती तिथेच होती. भांडी घासायला फुकटची पोर हातची जाऊ नये, एवढ्यासाठी तुम्ही एका फणीत माझं घर विकत घेतलंत. आणि मी विकलं. हे तुमच्याशिवाय कुणालाच माहीत नाही, म्हणून तुमचा जास्त राग येतो.

तेव्हा आता मी सांगते, तुम्ही लिहा. कोऱ्या कागदावर, तुमच्या अक्षरात, एक शब्द न बदलता:

'बाई, ते पत्र मी लिहून घेतलं. पोरीला तुमच्याकडे यायचं होतं. शाळेचं शुद्धलेखन आहे, असं सांगून मी तिला फसवलं. कुणाला लिहितेय, हे तिला ठाऊक नव्हतं.'

शेवटची दोन वाक्यं खोटी आहेत. तरीही लिहायची. माझ्या बाजूनं तुम्ही आयुष्यात एकदाही खोटं बोलला नाहीत, आता बोला. पाकीट सोबत आहे, पत्ता घातलाय. शनिवारपर्यंत बाईंच्या हातात पडलं नाही, तर सोमवारी फणीचा प्रसंग चित्रित होईल, आणि तुमची अख्खी बिल्डिंग तो जेवताना बघेल. पडलं, तर त्या प्रसंगाचा लिहिलेला कागद मी फाडीन. मालिकेतली मामी मात्र सुधारणार नाही. दादाला सांगा.

दुसऱ्याच्या हातून पत्र कसं लिहून घ्यायचं, ते तुमच्याकडूनच शिकले. म्हणून सहीही तुम्ही शिकवलेलीच करते, आणि खाली नावही तुम्ही हाक मारायचात तेच.

मामीचीच,
चिपाड