दगड थांबतात

१२ जून, शुक्रवार
वसतिगृह, खोली नऊ

प्रिय ताई आणि चिमणे,

बाबांचा खोकला हटला असेल, आई भिंत न धरता चालत असेल, असं गृहीत धरते आणि थेट भांडायलाच बसते.

आपल्या घरातल्या पोरींनो, आपल्या तिघींचं दुखणं एकच: ‘पुढच्या वर्षी बघू.’ सायकल पुढच्या वर्षी, सहल पुढच्या वर्षी. ताई, तुझं औषधशास्त्राचं कॉलेजही पुढच्याच वर्षी होतं. आई घसरून पडली, बाबा म्हणाले, “एकच वर्ष थांब.” ते एक वर्ष अजून संपायचंय.

म्हणूनच परदेशातल्या वर्षभराच्या पदवीसाठी निवड झाली तेव्हा मला हसू फुटेना. इथली संशोधनाची जागा हातात होती. ती पुढच्या वर्षापर्यंत राखून ठेवा असं मागायचं, म्हणजे तेच वाक्य आपल्या तोंडाने म्हणायचं! आठवडाभर जीभ रेटली नाही.

काल गेले. आमच्या भूशास्त्राच्या बाई दगड कापायच्या यंत्रापाशी उभ्या होत्या, चष्म्यावर चिखल उडालेला.

“बाई, माझी जागा वर्षभर राखाल?”

“का? इथले दगड कमी पडले?”

“दगड उदंड आहेत. ते वाचायची नवी रीत तिथे शिकवतात. शिकून आले की तुमच्या याच दगडांना बोलतं करीन. आज नाही म्हणालात, तर उद्या पुन्हा येईन.”

“वक्तृत्वाची बक्षिसं अंगी लागलीत म्हणायची!” त्यांनी यंत्र बंद केलं. “दगड थांबतात गं. कोट्यवधी वर्षं थांबलेत, आणखी एक थांबतील. माणसं थांबली, की तिथलीच होऊन जातात. जा. जागा तुझीच.”

पोरींनो, जिंकलो! आपल्या घरातली एक मुलगी निघाली आहे, आणि या खेपेला थांबणार आहे ते विद्यापीठ!

ताई, आता फक्त तुझ्याशी. बाईंचं ते माणसांबद्दलचं वाक्य ऐकलं आणि डोळ्यांपुढे तूच आलीस. औषधांच्या दुकानात कामाला, स्वतःकडे पदवी नाही म्हणून प्रत्येक बिलावर दुसऱ्याच्या सहीसाठी खोळंबलेली. चिमणीने चोंबडेपणा केलाय, तिला रागावू नकोस. गोळ्यांच्या रिकाम्या खोक्यांवर सूत्रं लिहून तू पाठ करतेस, हे मला कळलंय. औषधशास्त्राची प्रवेश परीक्षा नेमकी माझ्या विमानाच्या सकाळी आहे, हेही कळलंय. आणि परवा फोनवर तू काय म्हणालीस? “परीक्षा काय, पुढच्या वर्षीही असते. तुला पोचवायला मी नको?”

नको! शाळेच्या फाटकापासून आजवर प्रत्येक दारापर्यंत मला तूच पोचवलंस. आता पुरे. त्या दिवशी आईपाशी चिमणी बसेल, माझी बॅग बाबा उचलतील. ते वाक्य आपल्या घरात पुन्हा कुणी म्हणायचं नाही, आणि तू तर नाहीच नाही.

ताई, त्या सकाळी विमानतळावर येऊ नकोस. परीक्षेला जाऊन बस.

गर्दीत तुला न शोधणारी,
तुमची मधली